चार जोड्यांची नजर

देवळाच्या महाद्वाराच्या बाजूच्या बोळात चपला ठेवायच्या पाच-सहा जागा आहेत. चिमणाबाईची सोडली तर सगळीकडं नंबराचा बिल्ला मिळतो. चिमणाबाई बिल्ला देत नाही. एकतीस वर्षं दिला नाही. कुणी मागितलाच तर ती मान वर न करता विचारते, "तुमची चप्पल तुमास्नी वळखू येत न्हाय व्हय? मला येती." नवखा माणूस बिचकून शेजारच्याकडं जातो. जाईना का. मुरलेला भाविक मात्र चपला तिच्यापुढं सोडून सरळ दर्शनाला लागतो.

तिचं काम बघायला सोपं आणि करायला अवघड. एका खेपेला चार जोड्या. वाकायचं, उचलायच्या, मागं फळीवर लावायच्या. प्रत्येक जोडीला एकच खूण, आणि तीही चपलेची नव्हे, पायाची. भेगाळलेली टाच. वाकडा अंगठा. सैल झालेलं जोडवं. जोडी फळीवर गेली की खूण तिला चिकटली. मग दुपारपर्यंत ती हलत नाही. पण फळीवर जाईपर्यंत ती नुसती डोळ्यात असते, काठोकाठ भरलेल्या कळशीसारखी. तेवढ्यात कुणी हाक मारली, नजर हलली, की सांडली. पाचवी जोडी डोळ्यात मावत नाही. तरुणपणी तिनं हट्टानं बघितलं होतं. पाचवी आत आली की पहिली बाहेर.

आणि जे बघायचं नाही ते ती खरोखरच बघत नाही. एकदा एक पाकीटमार तिच्यापुढं चपला सोडून गेला आणि पळताना तशाच टाकून गेला. पोलीस आले. दिसायला कसा होता, दाढी होती का, शर्ट कसला? चिमणाबाई म्हणाली, "डाव्या अंगठ्याचं नख काळं हाय." दुसरं काही? "दुसरं मी कशाला बघू?" पोलिसाला वाटलं बाई चेष्टा करतेय.

हे सगळं एकतीस वर्षं चाललं त्यात शालूबाईचा वाटा निम्मा. समोरच्या दगडी पायरीवर ती वेण्या आणि ओटीचं सामान घेऊन बसायची. भिंतीत खिळा, खिळ्यावर वेण्या, खिळ्याखाली शालूबाई. तोंड अखंड चालू. चिमणाबाई वाकली की तिकडून आवाज यायचा, "पावणं, जरा दम धरा. बाईंच्या डोळ्यात चार जोड्या हाईत. सांडल्या तर घरला अनवाणी जाशीला." माणसं हसायची, थांबायची, जाता जाता वेणी घ्यायची. चिमणाबाईला वर बघावंच लागायचं नाही. गर्दी ओसरली की दोघी पायरीवर भडंग खायच्या. शालूबाई त्यातले शेंगदाणे तेवढे वेचायची आणि वर म्हणायची, "तुला तर दिसत्यात बी न्हाईत. तू आपली पायच बघत बस."

गेल्या दिवाळीनंतर शालूबाईचा लेक तिला बिद्रीला घेऊन गेला. कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागली, खोली मिळाली. जायच्या दिवशी शालूबाईनं खिळा उपटायला हात घातला. निघाला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "माझी खूण."

त्यानंतर तीन चुका झाल्या. पहिल्या दोन कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत, तिच्या आल्या. तिसरी मंगळवारी झाली, भर गर्दीत.

हुपरीचा एक पाहुणा दर्शन घेऊन आला, चप्पल पायात घातली, भवानी मंडपापर्यंत गेला आणि तरातरा परत आला.

"मावशी, ही माझी न्हवं."

"तुमचीच हाय."

"माझी बोलती. ही बोलत न्हाय."

त्यानं चार पावलं चालून दाखवलं. खरंच. तशीच कापशी घाटाची चामडी, तसाच गोंडा, तेच माप, पण मुकी. त्याची खास करकर वाजणारी करून घेतलेली. माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, रुसली असंल. एवढ्यात बोळाच्या टोकाकडून करकर करकर करत एक मास्तर आले, ओशाळलेल्या तोंडानं. "अहो, सगळे माझ्याकडं वळून बघतायत. ही माझी कधी वाजायला लागली?"

अदलाबदल झाली, हशा झाला. जाताना हुपरीकर आपुलकीनंच म्हणाला, "मावशी, वय झालं. आता बिल्लं घ्या." हसणं तिनं पचवलं असतं. हे बरं बोलणं पचलं नाही.

शुक्रवारी सकाळी लेक आली, क्रांती. जयसिंगपूरच्या शाळेत शिक्षिका आहे. एका हातात भडंगाची पुडी, दुसऱ्यात पिशवी, आणि पिशवीत पत्र्याचे बिल्ले. एक ते चाळीस, जोडीनं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळा बोळ सांगतोय. आई, ह्यात लाज कसली? बिल्ला घेतला की डोक्याला ताप न्हाय."

"डोक्याला ताप हाय म्हणून मी हितं बसतो," चिमणाबाई म्हणाली. "नंबर वाचायला मी कशाला पायजे? कुणी बी वाचंल."

क्रांतीला आईचा स्वभाव नवा नव्हता. दहावीचा निकाल घेऊन ती शाळेतून धावत आली होती, तेव्हा आईनं न बघताच हात वर केला होता. थांब. हातात चार जोड्या होत्या. लेकीचे मार्क पहिल्यांदा शालूबाईनं ऐकले. ते क्रांती विसरली नव्हती, आणि ती विसरली नाही हे चिमणाबाईलाही ठाऊक होतं.

"आज संध्याकाळपातूर मी समोर बसतो," क्रांती म्हणाली. "एक चूक झाली की उद्यापासनं बिल्लं. न्हाय झाली तर पिशवी परत न्हेतो."

"बस."

ती शालूबाईच्या पायरीवर बसली.

पहिले दोन तास निभावले. मग गर्दी वाढली. चार जोड्या उचलून चिमणाबाई फळीकडं वळली आणि तिसऱ्या जोडीपाशी हात थांबला. जोडी दिसत होती, पाय दिसत नव्हता. पुसल्यासारखा गेला होता. ती तशीच उभी राहिली. चुकीच्या जागी ठेवायची नाही म्हणून जोडी पोटाशी धरून ठेवली, आणि ती ज्यांची होती त्या आजीबाई परत आल्या तेव्हा त्यांनीच हात पुढं केला, "अगं बाई, उराशी धरलीस व्हय गं?" चूक झाली नाही. पण चिमणाबाईच्या कपाळावर घाम होता.

क्रांती उठून आली.

"आई, तुझं डोळं चांगलं हाईत. डोस्कं बी चांगलं हाय."

"मग?"

"वाकतीस तवर बरं. जोड्या घिऊन उठलीस की समोर बघत्यास. दर खेपंला. मला वाटलं माझ्याकडं. पर तू माझ्या डोईवरनं बघत्यास. खिळ्याकडं."

"मी कशाला बघू खिळ्याकडं?"

"ते मला काय ठावं? बघत्यास एवढं खरं."

चिमणाबाई भडकली. मास्तरीण झालीस म्हणून मला शिकवू नगंस, असं काहीबाही बोलली. एकतीस वर्षांत न बघायची गोष्ट तिनं कधी बघितली नव्हती, हा तिचा सगळ्यात मोठा अभिमान, आणि लेक तोच खोटा ठरवत होती. पुढच्या खेपेला ती स्वतःवरच पाळत ठेवून वाकली. उचलल्या. उठली. नजर खिळ्यावर होती.

मग तिनं जोड्या खाली ठेवल्या, समोरच्या चौघांना म्हणाली, "पावणं, जरा थांबा," आणि बसायची घडवंची ओढली. एकतीस वर्षं बोळाकडं तोंड करून ठेवलेली. ती तिनं मागच्या भिंतीकडं फिरवली. क्रांतीनं फळी सरकवायला हात लावला. आता पाठ पायरीकडं. माणसं वळसा घालून फळीच्या कडेनं यायची, पुढ्यात नुसते पाय आणि चपला.

"कुणी बोलायला आलं तर?" क्रांतीनं विचारलं.

"माझी पाठ बघून कोन बोलतंय?"

दुपार गेली. एकही जोडी सांडली नाही. चारच्या सुमाराला हुपरीकर पुन्हा आला. सोबत मेहुणा, आणि दोघांच्या पायात एकाच कारागिराच्या चपला. दोन्ही वाजणाऱ्या. मुद्दाम आणल्या होत्या ते त्याच्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं. चिमणाबाईनं तोंड बघितलंच नाही. तिनं पाय बघितले. एकाची करंगळी पट्ट्याबाहेर यायची, दुसऱ्याची नाही.

दर्शन करून ते आले. तिनं दोन जोड्या दोघांपुढं ठेवल्या. हुपरीकरानं करंगळी बाहेर काढून चार पावलं टाकली, कान देऊन ऐकलं आणि हात जोडले.

"कसली बोलती?" चिमणाबाई म्हणाली. "नुसती कुरकुरती."

दिवेलागणीला शेवटची जोडी गेली. क्रांतीनं बिल्ल्यांची पिशवी खांद्याला लावली. गाडीची वेळ झाली होती. चिमणाबाईनं थांब म्हणून हात वर केला. मग रिकाम्या हातांनी, सावकाश, ती घडवंचीवर फिरून बसली. भडंगाची पुडी सोडली, शेंगदाणे वेचून एका बाजूला ठेवले, आणि खिळ्याकडं मन भरेपर्यंत बघितलं.

मग लेकीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "किती पडलंतं गं तुला दहावीला?"