रोझी आंटीचा पाय

रोझी आंटी एका पायातली चप्पल काढून भिंतीला टेकल्या, की आमच्या कारखान्यात कुणाच्या तरी कमरेत उसण भरली आहे असं समजावं. दुखणारा माणूस पाठ करून खाली बसायचा. आंटी त्याच्या कमरेला तळवा हलकेच लावायच्या आणि म्हणायच्या, "जा आता. घरी बायकोला सांग, म्हातारीची लाथ खाऊन आलो." सगळे हसायचे. माणूस कंबर चाचपत उठायचा आणि कामाला लागायचा.

आंटी पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, हा समज आमच्या सांगोल्याकडेही आहे. मी घरातला पहिला पदवीधर; पण माझी मान आखडली तेव्हा आईने मलाही एका पायाळू बाईसमोर बसवलं होतं. त्यामुळे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांच्या या कारखान्यात ऑफिसच्या कामाला लागलो, तेव्हा आंटींच्या पायाचं मला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते त्यांच्या मायेचं. त्या भाईंदरजवळच्याच डोंगरी गावच्या, ख्रिस्ती घरातल्या. पॅकिंगचं टेबल त्यांच्या ताब्यात होतं. माझं हिंदी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू मराठीतच बोल रं बाबा. तुझी हिंदी आयकून समोरच्याला उसण भरंल." मी खानावळीत जेवतो हे कळल्यावर त्या माझ्यासाठी डबा आणू लागल्या. मी मासे खात नाही म्हटल्यावर थोडा वेळ माझ्याकडे दयेने बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून वालाची भाजी आणू लागल्या. या परक्या शहरात मी टिकलो त्यात त्या भाजीचा वाटा मोठा आहे.

त्यांच्या पॅकिंगमध्ये खारीगावातली सुनीता होती. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर तिच्या पगारावर चालायचं. एकदा डब्यांनी भरलेला खोका उचलताना तिच्या कमरेत कळ आली आणि ती जागीच बसली. आंटींनी पाय लावला. "बरं वाटतंय," असं म्हणून सुनीता सुट्टी होईपर्यंत काम करत राहिली. दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. स्नायू दुखावलाय, काही आठवडे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

इजा कामावर झाली असं कारखान्याने कळवलं, तर कामगार विम्यातून तिला विश्रांतीच्या काळाची भरपाई मिळणार होती. मी शेठकडे गेलो. शेठ मनाने वाईट नव्हते. त्यांची अडचण निराळीच होती. वर्षभरापूर्वी त्यांचीही कंबर धरली होती आणि आंटींचा पाय लागल्यावर सुटली होती, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"आंटीचा पाय लागला ना तिला?" ते म्हणाले. "मग इथली उसण इथेच उतरली. नंतर दिवसभर काम केलं तिने. घरी जाऊन काही उचललं असेल. ते आपल्या नावावर कसं लिहायचं?"

मी स्नायूंबद्दल, नियमांबद्दल जमेल तितकं बोललो. शेठ ऐकत होते, पण हलत नव्हते. संध्याकाळी सुनीताच्या नवऱ्याचा फोन आला. ती ऐकत नाहीये, कमरेला पट्टा बांधून उद्या कामावर येते म्हणतेय. अशी ती आली असती, तर ती कंबर पुन्हा सरळ झाली असती की नाही कुणास ठाऊक.

मी हे सगळं आंटींना सांगितलं.  त्या हात पुसून थेट शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मागोमाग मी.

"शेठ, माझ्या पायात कायच न्हाय," आंटी म्हणाल्या.

शेठ गोंधळले. "असं कसं आंटी? माझी कंबर तुमच्याच पायाने..."

"तुमची कंबर पाय लावल्यावर तुम्ही घरी झोपून ऱ्हायलात म्हणून सुटली. कारखाना बघायला पोरगा होता तुमचा. सुनीताला कोण हाय? तिला पण झोपू द्या."

"मग इतकी वर्षं लोकांना पाय कशाला लावत होता?"

आंटी म्हणाल्या, "दुखत असताना कुनीतरी जवळ यावं असं वाटतं मान्साला. त्येवढंच."

शेठनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाले, "लिही. खोका उचलताना इथेच लागलं म्हणून लिही." विम्याच्या ऑफिसात दोन खेपा झाल्या, पण सुनीताची भरपाई मंजूर झाली.

केबिनमधलं बोलणं बाहेर पोचायला वेळ लागला नाही. काहीजण आंटींवर रुसले. लोडिंगचा एक जण तर म्हणाला, "आंटी, आमचा फुकटचा डॉक्टर तुम्ही बंद केलात." मग हळूहळू त्यांच्यासमोर पाठ करून बसणारं कुणी उरलं नाही. कंबर धरली की लोक माझ्या टेबलाशी येऊ लागले आणि मी आधी विचारायचो, काय उचलत होतात?

सुनीता बरी होऊन परत आली. आंटींनी तिला आपल्या शेजारी, बसून स्टिकर लावायच्या कामाला घेतलं. तिला सगळं कळलं होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "आंटी, माझ्यामुळे तुमच्या पायाचं नाव गेलं."

"नाव गेलं तर गेलं. पाय हाय ना जागेवर?" आंटी म्हणाल्या. "आणि तू ताठ बस गो बाय. ती पाठ किती भांडून मिळालीय."