रेषेवर उभं राहायचा कोट

माझा थोरला भाऊ, अण्णा, इकडे कन्नड मुलखात, मंडी मोहल्ल्यात शिवणकाम करतो. त्याचा जीव एका इटालियन फुटबॉलपटूवर. मधल्या फळीत खेळणारा, गोल कमी, धावपळ फार. गुडघा गेल्यावर तो प्रशिक्षक झाला. एका क्लबने काढलं, दुसऱ्याने घेतलं. तिथेही डाळ शिजली नाही, मग तिसरा. अण्णाचाही गुडघा मैदानावरच गेलेला. त्यामुळे त्या माणसाला नवा क्लब मिळाला की आमच्या घरी केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, व्हायचा. मी चिडवायची, ‘सोयरा लागतो का तुझा?’

खेळणं सुटल्यापासून अण्णा आमच्या भागातल्या संघाला रोज संध्याकाळी फुकट शिकवायचा. या वर्षी संघाची कमिटी रीतसर कोच नेमणार होती. तो अण्णाच, असं आम्ही धरूनच चाललो. सामन्याच्या वेळी मैदानाच्या रेषेवर उभं राहायला त्याने टीव्हीत पाहून त्या इटालियनासारखाच गडद निळा कोट शिवला. आमच्या शिंप्यांच्या घरात नवा कपडा आधी विठ्ठलापुढे ठेवतात आणि शेवटचा कच्चा टाका, ज्याने घालायचा त्यानेच ओढून काढायचा. कोट अजून देवापुढेच होता, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष दुकानात आले. सोबत बेंगळुरूचा एक तरुण, सर्टिफिकेटवाला. ‘हे आपले नवीन कोच. रविवारपर्यंत यांना कोट पाहिजे. तुमच्यासारखं कोण शिवणार?’

अण्णाने माप घेतलं. घरी आला, देवापुढचा कोट उचलला आणि बाह्या उसवायला बसला. मी त्याचा हात धरला.

‘अय्यो, सोड ग. रविवारपर्यंत दुसरा होतो का? बाही थोडी कमी करायची, अष्टे, एवढंच.’

शनिवारी त्या तरुणाने दुकानात कोट घातला. कच्चा टाका अण्णानेच दाखवला, ओढ म्हणाला. त्या पोराचा मला राग आला नाही. अध्यक्षाला मात्र चार शब्द सुनवावेत असं वाटलं, आणि अण्णाच्या मऊपणाचा तर संताप आला. मागच्या खोलीत जाऊन मी पोटभर रडले.

परवा त्या इटालियनाला पुन्हा एका क्लबने घरी पाठवलं. अण्णाला तेवढाच दिलासा म्हणून मी म्हणाले, ‘बघ, त्याला पण काढलं.’

अण्णा सुईत दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणाला, ‘काढायला आधी ठेवावं लागतं ग.’