वास न येणारं मांस

नांदेडचा पोरगा मांसावर लिहितोय म्हणल्यावर तुमच्या नाकात बिर्याणी घुसली असंल. नाक पुसा. ह्या मांसाला वासच नव्हता, म्हणून तर सगळा घोळ झाला.

अकरावी-बारावीला मी लातूरला मामाकडं राहिलो. मामीच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंबी चालायचं न्हाई. लग्नानंतर मामालाबी माळ घातलेली, पण त्याची जीभ काही माळकरी झाली न्हाई. रोज संध्याकाळी मला क्लासवरून न्यायला यायचा, माळ काढून शर्टाच्या खिशात टाकायचा अन् स्कूटरवरच सलामीचं पाकीट फोडायचा. खारवून टिकवलेल्या मांसाच्या गुलाबी, थंडगार चकत्या. ब्रेडात घातल्या की झालं, घरी मामीला वासबी लागायचा न्हाई.

"हे मटण न्हाई रे. हाड न्हाई, रक्त न्हाई. बिस्किट समज."

मी मागून मामीच्या आवाजात ओरडायचो, "अवो, काय खाऊन राहिले?" मामा घास तोंडात धरून दगड व्हायचा. मग मला एक चापट, एक चकती.

एक दिवस मामा स्कूटरवरच म्हणला, "संडासला रक्त पडून राहिलंय. मूळव्याध असंल. मामीला बोलू नको. ती डॉक्टरकडं नेईल, डॉक्टर खाण्याचं इचारील."

मी हाव म्हणलं. वरून मूळव्याधवाल्या वैद्याची नक्कल केली. लई हसला.

वजन उतरलं तवा मामीनंच नेलं. डॉक्टरनं विचारलं, "मांसाहार?" मामी तोऱ्यात, "आम्ही माळकरी हाव." मामा चपलीकडं बघत बसला. मीबी.

तपासणीत आतड्याचा कॅन्सर निघाला. मग मी एकटाच परत आत गेलो, सलामीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्यानंच झालं असं म्हणता येत नाही. पण असलं टिकवलेलं मांस रोज खाल्लं की धोका वाढतो. आणि रक्त दिसलं तेव्हाच यायचं होतं."

ऑपरेशन झालं. मामा राहिला न्हाई.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत व्हती. सूप बाजूला ठेवलं.

"गाढवा! मटण पाहिजे व्हतं तर मी शिजवलं असतं रे! माळ खुंटीला टांगून शिजवलं असतं! अन् रक्ताचं? ते लपवायची गोष्ट हाय का? मी काय खाल्लं असतं त्यांना? ऊठ. माझ्या समोरून ऊठ."