अकरा वाजताची मोटर

उधना स्टेशनला निघायच्या आधी तासभर मी डिंडोलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर वडिलांना, आबांना, सोलर समजावत होतो. बॅग खाली दारात, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी, आणि मी सांगतोय की पाण्याची मोटर सकाळी लावू नका, अकराला ऊन चढलं की लावा. आबांचं आयुष्य कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात गेलं, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं. दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग पॅनलवर हात फिरवत ते म्हणाले, "मी एवढा वरीस माग चालाडा, मले कोणी फुकट लाईट दिनी नही." निघताना लोक काहीबाही बोलतात. आमचं मोटरवरच आटोपलं.

मी सोलर बसवणारा इलेक्ट्रिशियन. कोचीला एका शिडाच्या यॉटवर पॅनल बसवले, आणि तिचे मालक, एक परदेशी म्हातारं जोडपं, म्हणाले, पुढे येतोस का आमच्याबरोबर? घरी येऊन बॅग भरली. त्याला दोन वर्षं झाली. सध्या आम्ही मादागास्करजवळ नांगर टाकून आहोत.

बोटीचा फ्रिज, पंखे, शेगडी, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, सगळं उन्हावर चालतं. शिडाच्या आडव्या दांड्याची सावली एका पॅनलवर पडली तरी वीज घसरते, म्हणून सूर्य सरकेल तसा मी दोर ओढून तो दांडा सरकवत बसतो. ढग आले की पाण्याचं यंत्र बंद, अंघोळ खाऱ्या पाण्याने. पाहुण्याला चहा विचारावा तसं आम्ही एकमेकांना बॅटरी किती भरली ते विचारतो. आपल्याला कोणाची गरज नाही, असं म्हातारा दिवसातून एकदा तरी म्हणतो. मीही फोनवर फुशारकी मारायचो, "माय, लाईट आमची, पाणी आमचं, आमचं कुणावाचून अडत नाही." खरं सांगायचं तर मराठीत बोलायला इथे कोणी नाही. इन्व्हर्टरशी बोलतो. फार एकटं वाटतं.

दुपारी बॅटरी भरली की तासभर इंटरनेट मिळतं. पहिल्यांदा मी घरच्या सोलरचं ॲप उघडतो. घरात किती वीज लागली याची रेघ त्यात दिसते. दहाच्या सुमारास मायचा मिक्सर. बरोबर अकराला रेघ उंच चढते, ती मोटर. मायला एकदा शॉक बसला होता, तेव्हापासून ती मोटरला हात लावत नाही. त्यामुळे रेघ चढली म्हणजे आबा ठीक आहेत, हे मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात एक दिवस अकराची रेघ चढलीच नाही. फोन केला तर माय म्हणाली, "आबा झोपेल शेतस." दुसऱ्या दिवशीही रेघ नाही. "देऊळमा गयात," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी मोटर दोनला लागली. मी विचारलं, "माय, मोटर कोण लावतंय?"

 ती म्हणाली, शेजारचा भाऊ लावून देतो. आबांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, तीन दिवसांपासून दवाखान्यात होते. "तू एवढा दूर. तुले सांगीसन काय व्हई? जीवले नुसता घोर लागी."

मी तिच्यावर खूप चिडलो. फोन ठेवल्यावर मात्र शरमेने मेल्यासारखं झालं. माझं कुणावाचून अडत नाही, हे दोन वर्षं कौतुकाने मीच तर सांगत होतो. त्यांनी ते खरं मानलं आणि माझ्यावाचून चालवायला शिकले.

तुम्हीही कोणी दुबईत असाल, कोणी पुण्यात. घरून 'सगळं बरं आहे' म्हणतात आणि आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. एकदा खोदून विचारा.

बोटीवरच्या म्हाताऱ्याला सांगून टाकलंय की मी निघतो. मायलाही कळवलं. ती म्हणाली, "कशाले येस? आम्हनं चाली राहिनं." त्यात राग नव्हता, मला धीर द्यायलाच ती तसं म्हणाली. तेच जास्त लागलं.

खरंच चाललंय त्यांचं. त्या घराचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. माझं मात्र त्या घरावाचून अडलंय, आणि हे मायला फोनवर सांगायला मला जमेना, म्हणून निघालोय.