सोळा घरांतला भ

सकाळच्या कोवळ्या उन्हात संगणकाच्या पडद्यावरची ती इवलीशी शुभ्र चौकट उघडली, की डोळ्यांवर गार पाण्याचा हबका बसल्यासारखं व्हायचं. आडवी सोळा घरं, उभी सोळा घरं. एवढ्याशा अवकाशात एक अख्खं अक्षर मावायला हवं. पनवेलच्या बाजारपेठेत शिडीवर चढून ज्याने पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवली, त्याने उतारवयात तांदळाच्या दाण्याएवढं अक्षर काढायला बसावं, याला काळाचा विनोद म्हणायचं की न्याय?

शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो. माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली आता संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी संगणकाला मराठीतून आज्ञा देता येतील अशी एक भाषा घडवली आहे. 'जर', 'नाहीतर', 'पुन्हा कर' असं आपण लिहायचं आणि यंत्राने ते निमूट ऐकायचं! भाषेचं नाव 'भरती'. त्यांच्या संकेतस्थळाच्या नावाशेजारी, ब्राउझरच्या पट्टीवर, एक चिमुकलं चिन्ह हवं होतं आणि ते सरांनीच काढायचं असा तिचा हट्ट. मलाही मोह आवरला नाही.

भ हे अक्षर मोठं नाजूक प्रकृतीचं. डोक्यावरची रेघ जिथे खंडित होते, तिथेच त्याचं भपण. ती फट बुजली, की म झालाच समजा. ऐन तारुण्यात घाईघाईने मी एका भांड्यांच्या दुकानावर 'स्टीलची मांडी' असं रंगवून ठेवलं होतं. आठवडाभर अख्खी बाजारपेठ त्या पाटीखाली उभी राहून हसत होती आणि मालक बिचारे गल्ल्यावर अवघडून बसत होते. त्यानंतर भ काढताना माझ्या हाताने कधी घाई केली नाही.

तरीही या वेळी तो म झाला. मोठा करून पाहिला तर फट स्वच्छ, एका घराची. मूळ आकारात आणला की रेघ सलग. फट दोन घरांची केली, तरी म. तीन घरांची केली, अक्षराचा तोल गेला, पण माझ्यापुढे म तो मच. तेव्हा मला जी धास्ती वाटली ती अक्षरासाठी नव्हती, हे तुम्हांला सांगायला हरकत नाही.

महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगितलं होतं. त्यांची चिठ्ठी मी खणात टाकली आणि मुलाला, सुनेला काही बोललो नाही. पडदा! काय शब्द आहे पाहा: अक्षर उमटतं तोही पडदा आणि ते दिसतं तोही पडदाच. दोष यांपैकी कोणत्या पडद्यावर होता? अक्षर बिघडलं असेल तर पुसून पुन्हा काढता येतं. दुसऱ्या पडद्याचं काय पुसणार? मला भीती वाटत होती, निखळ भीती. नातवाच्या चेहऱ्याच्या मधोमध डाग दिसेल, रस्त्यात पाटी वाचायला कुणाला तरी थांबवावं लागेल, असलं काहीबाही दिवसाढवळ्या मनात येई आणि मी उठून खिडकीतून समोरच्या मेडिकलची पाटी वाचून पाही. वाचता येत होती. पण ती तर मला पाठच होती!

वैशालीला चिन्ह पाठवलं, तर तिने 'सर, मस्त' एवढंच कळवलं. या मुलांना सगळंच मस्त वाटतं. शिवाय तिला नाव ठाऊक. भरतीचा भ तिला म दिसेलच कसा? शिकलेली माणसं अक्षर पाहत नाहीत, शब्दाच्या आधाराने ओळखून मोकळी होतात. मला निव्वळ अक्षर पाहणारा डोळा हवा होता.

तो जवळच्या नेरे गावाहून आला. कमळाबाई दर मंगळवारी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्याकडे येतात. साठी उलटल्यावर त्या नातीच्या पुस्तकातून वाचायला शिकल्या. एकेक अक्षर बोटाने धरून उच्चारल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मी त्यांना संगणकापुढे बसवलं, फट पुन्हा एका घराची केली आणि हे अक्षर कोणतं, एवढंच विचारलं. अक्षर बिनचूक यावं म्हणून आयुष्यभर जीव टाकला, आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात विनवत होतो की हे एक तरी माझ्या हातून चुकलेलं असू दे.

त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"भ हाय," त्या म्हणाल्या. "भाताचा."

म नाही ना, असं मी विचारलं. माझा आवाज कसा आला कोण जाणे, त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"म कसा असंल, सर? वर फट हाय की. तुमाला दिसत नाय?"

म्हणजे भ उत्तम उतरला होता. कदाचित माझ्या हातून उतरलेला सर्वांत निर्दोष भ. घरच्यांसाठी मी महिनाभर उत्तरं तयार ठेवली होती: चष्मा जुना झालाय, उजेड कमी पडतो, डोळे दमलेत. त्यांतलं एकही उत्तर त्या साध्या प्रश्नापुढे उभं राहीना.

"नाही, कमळाबाई," मी म्हणालो. "दिसत नाही."

बोललो आणि शेजारच्या स्टुलावर बसलो. घरात सांगितलंय का, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्या उठल्या आणि माझ्या सुनेला हाक मारत स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी त्यांना थांबवलं नाही.