खाडाखोडीची यादी

धुळ्यात माझं लग्नपत्रिका टाईप करून छापून द्यायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या लेकीची तीन वर्षं होती. ती जळगावला केळीवरच्या रोगावर पीएचडी करते. दर रविवारी असोद्याच्या बागांमध्ये जाऊन त्याच त्याच झाडांचे फोटो काढायचे, नोंदी करायच्या. तिचा लॅपटॉप बिघडला म्हणून तिने सगळं माझ्याकडे ठेवलं होतं, कॉम्प्युटरवर एक प्रत आणि वेगळ्या डिस्कवर दुसरी. "आई, काम झालं की डिस्क काढून ठेवत जा," हे तिने वीसदा सांगितलं असेल. पण सारखं कोण वाकून वायर काढणार! मी ती तशीच लावून ठेवायचे.

एका दुपारी साक्रीच्या गिऱ्हाइकाची मेल आली. खाली आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहार होता, म्हणून शंका घ्यायला जागाच नव्हती. भाऊबंदांच्या नावांची यादी सोबत जोडली आहे, असं लिहिलं होतं. पण फाईल काही उघडेना. वर लाल पट्टी, धोकादायक असू शकते म्हणून अडवली आहे.

आता खरं सांगते, मला अशा लाल पट्टीची भीती कधी वाटलीच नाही. मला भीती नाव गळायची. मागे एका नानांचं नाव पत्रिकेतून राहिलं, तर ते सकाळपासून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि लग्नालाही गेले नाहीत. म्हणून मी त्या मेलला उत्तर दिलं, फाईल अडतेय, दुसऱ्या मार्गाने पाठवा. अहो, गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये शिरलेल्या चोरालाच वाट विचारली मी! दोन मिनिटांत लिंक आली, पासवर्ड आला, आणि वर सूचना, की अँटीव्हायरस उगाच अडवतो, तो थोडा वेळ बंद करा. अक्कल गहाण ठेवून मी तोही बंद केला.

फाईल उघडली, तर आत काहीच नाही. पुन्हा क्लिक केलं. मग कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला आणि पत्रिकांच्या फायलींच्या नावांना विचित्र शेपट्या फुटू लागल्या. एकेक फाईल कुलूपबंद होत होती, वरून खाली. लेकीचं फोल्डर त्याच रांगेत खाली होतं. बंद करायला गेले तर बंद होईना. शेवटी टेबलाखाली शिरले आणि प्लगच उपटला. वर आले तेव्हा डिस्कची वायर दिसली. लावलेलीच होती.

गिऱ्हाइकाला फोन तेव्हा केला, जो आधी करायचा होता.

"ताई, मी कुठं काय पाठवलं?" तो म्हणाला. "यादी आमचे आबा लिहून राहिले. अजून क्रमच ठरत नाहीये."

कपाळावर हात मारला मी. वीस वर्षांत एकही यादी मेलने आलेली नाही! मोठी माणसं बसतात, कोण आधी कोण नंतर यावरून वाद घालतात, खोडतात, पुन्हा लिहितात, आणि तो कागद कुणीतरी हातात आणून देतं. हे मला माहीत नव्हतं का? दुकान माझं, धंदा माझा.

लेकीला तीनदा फोन लावला आणि तीनदा कापला. एवढी भीती मला माझ्या बापाचीही वाटली नव्हती. चौथ्यांदा बोलले. ती संध्याकाळच्या बसने आली, कॉम्प्युटर आणि डिस्क दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. दोन्हीकडे पहिल्या दोन वर्षांचं सगळं गेलं होतं, प्लग उपटला म्हणून शेवटचं वर्ष तेवढं वाचलं. त्या जुन्या बागा तर शेतकऱ्यांनी केव्हाच काढून टाकलेल्या. फोटो पुन्हा काढणार कशाचे? "असू दे आई," ती म्हणाली आणि अर्धी भाकरी खाऊन उठली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता मेल वाजली की छातीत धस्स होतं. सणाच्या शुभेच्छा असल्या तरी. फाईल जोडलेली दिसली की मी माझ्या वहीतला नंबर काढून फोन करते, तुम्हीच पाठवली का? लोक हसतात. हसू देत. डिस्क कपाटात असते.

गेल्या महिन्यात एका वर्षाच्याच नोंदींवर तिचा प्रबंध कसाबसा पुरा झाला. आभाराचं पान मी टाईप करावं, असं तिला वाटत होतं. "मेल करू?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको, कागदावर आण.

रविवारी आली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. असोद्याचे सगळे शेतकरी होते, मानाच्या क्रमाने, अगदी नीट. त्यांच्याही वर, पहिल्याच ओळीत 'आई' लिहिलेलं होतं. ते खोडलेलं होतं, पेन इतकं दाबून की कागद फाटला होता. त्याच्या शेजारी पुन्हा लिहिलं होतं, 'आई'.

मी ते टाईप केलं, सगळ्यात वर.