कुमुदिनीचे कान, माझा आवाज

माझी बायको बहिरी होत चालली आहे, असं मी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. पलीकडून "काय? काय म्हणालात?" असं यायचं. मला वाटायचं, आजकाल नेटवर्कसुद्धा बिघडलंय.

मी तुकोजी फणसे. पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालो. आमचे कोणी पूर्वज दरबारात ललकारी द्यायचे, असं वडील सांगत. पुरावा काही नाही. माझा आवाज हाच पुरावा, असं मी धरून चाललो होतो. लेथ, ग्राइंडर सगळं एकदम सुरू असताना मी या टोकाहून ओरडायचो, आणि त्या टोकाचा कारीगर मान हलवायचा.

पार्किन्सन झाल्याला काही वर्षं झाली. उजवा हात थरथरतो, पाय घासत चालतात. डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, "बोलण्यात काही फरक?"

"छे," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"छे!"

डॉक्टरांनी मान पुढे केली, मग काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, बिचारे दमलेत. हा रोग माझ्या हातात राहतो, गळ्यात त्याचं काय काम, अशी माझी समजूत.

घरात मात्र कुमुदिनीचं रोजचंच झालं. मी बैठकीतून चहा मागावा आणि तिने किचनमधून बाहेर येऊन विचारावं, "अहो, काय पुटपुटताय?" पुटपुटतोय? मी? माझ्या हिशेबाने सगळी गल्ली ऐकत होती. बाहेरही तेच. पोहेवाल्याला रोज सांगायचो, "भिया, जलेबी मत देना." रोज जलेबी यायची. शेवटी ठरवलं, पोहेवाल्याचं राहू दे, निदान बायकोचा तरी इलाज करावा. पलासियाच्या एका क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली.

"चला," कुमुदिनी म्हणाली, "तुमचं समाधान होऊ दे."

तिथली शिखा कानही तपासते आणि बोलण्याचे व्यायामही शिकवते. तिने कुमुदिनीला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आंटीजी के कान तो एकदम बढ़िया हैं."

तुमचं मशीन खराब आहे, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. ती टेबलावर ओणवी होऊन ऐकत होती. मग म्हणाली, "अंकलजी, एक मिनट," आणि मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. "अपने काम के बारे में कुछ बताइए."

मी वर्कशॉपबद्दल बोललो. चांगलं दणकून बोललो. तिने ते परत ऐकवलं. पंख्याच्या आवाजाखाली कुणीतरी आजारी माणूस उशीत तोंड खुपसून बोलत होता.

"हे कोण?" मी विचारलं.

कुमुदिनी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात माझे कान गेले. म्हटलं, जाऊ दे, माझेच गेले."

यावर काही बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

शिखाने समजावलं. या रोगात आवाज बारीक होतो, पण ज्याचा त्यालाच कळत नाही. तुम्हाला ओरडतोय असं वाटेल, तेव्हा कुठे लोकांना साधं बोलणं ऐकू येईल. आणि वाक्याच्या शेवटी तर आवाज पार विझतो. "आप जो मना करते हैं ना, वो किसी को सुनाई नहीं देता."

मला पोहेवाल्याची मनातल्या मनात माफी मागावी लागली.

मग रोज सकाळी मोठ्याने, लांब "आऽऽऽ" सुरू झालं. पहिल्याच दिवशी शेजारचे मुकुलजी धावत आले. "भाभीजी, सब ठीक तो है?"

"सब ठीक है," कुमुदिनी म्हणाली, "ये बोल रहे हैं."

त्याच आठवड्यात शंतनुचा फोन आला. त्याचे वडील बाबूराव माझ्या हाताखाली लेथवर होते, आता बेटम्याला राहतात. त्यांच्या पंचाहत्तरीला मी चार शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा. मी म्हणालो, "बेटा, मला जमेल असं वाटत नाही."

"वा काका! तो फिर पक्का," म्हणून त्याने फोन ठेवला.

शिखाकडे इतकं शिकून नकार पुन्हा शेवटी विझलाच. कुमुदिनी हसून हसून बेजार झाली. "आता करा भाषण!"

बेटम्याच्या हॉलमध्ये मी माइकसमोर उभा राहिलो. पहिलंच वाक्य ओठांतच राहिलं. समोर बसलेल्या कुमुदिनीने तळहात वर केला, म्हणजे चढवा. मी चढवला. आपण भर कार्यक्रमात सर्वांना झापतोय, असं वाटून लाज वाटत होती, पण लोक शांतपणे ऐकत होते. मध्येच घसा सुकला. पाणी प्यायला गेलो तर निम्मं कुर्त्यावर सांडलं. मी हसलो. ते या रोगाने ताठ झालेल्या चेहऱ्यावर उमटलं नाही, हे नंतर कळलं. सगळ्यांना वाटलं साहेब भडकले. मग सांडलेलं वाक्य पुन्हा म्हणालो.

नंतर बाबूरावांनी माझा हात धरला. त्यांच्या कानात मशीन होतं. "साहेब, आज पहिल्यांदा तुमचा शब्द न् शब्द समजला."

"आणि वर्कशॉपमध्ये?"

"तिथे कुठे काय ऐकू यायचं? तुमचं तोंड हलायचं, आम्ही मान हलवायचो. मग आपसात विचारायचो, क्या बोले?"

म्हणजे माझी अख्खी नोकरी!

परत येताना टॅक्सीची काच उघडी ठेवायची की बंद, यावरून आमचं भांडण झालं. वाऱ्याने माझा घसा बसेल, हे तिचं म्हणणं. मला गुदमरतं, हे माझं. मी एक बोललो, तिने ऐकलं आणि तडकन उलटं उत्तर दिलं. असं भांडून किती दिवस झाले होते! ड्रायव्हर आरशातून दोघांकडे बघत होता.

राजवाड्याजवळच्या गर्दीत अडकलो, तोवर माझा आवाज खरंच बसला. नेमका माझा मुद्दा चालू असताना.

कुमुदिनीने वाट पाहिली, मग काच वर केली. "राहू दे," ती म्हणाली, "बाकीचं सकाळी बोला."